बॉनेटवरचं गुलाबी पाणी

माझा थोरला भाऊ आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढत आला. कचेरीत अर्ज तपासायचं काम आणि घरीही तेच. वहिनीची कपड्यांची घडी, लेकीचं अक्षर, माझा धंदा, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं आणि नापास होऊन परत यायचं. मी तीस वर्षं गाड्या रंगवतो. पाहुण्यांना तो माझी ओळख "हे आमचे रंगारी" अशी करून द्यायचा आणि स्वतःच हसायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने आपली जुनी गाडी लेकीला द्यायची ठरवली. तिला लांब नोकरी लागली होती. ती म्हणाली, "बाबा, रंग काकांकडून करून घ्या, मग नेते." हे त्याला लागलं. लेकीने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही माझं नाव घेऊन. "त्यात काय एवढं? व्हिडिओ बघून कुणीही करेल," म्हणाला आणि अंगणात ताडपत्री बांधून कामाला लागला. लाल रंग स्वतः मारला, वर चकाकीसाठी बिनरंगाच्या क्लिअरचे तीन हात दिले. खोटं कशाला बोलू, बरा मारला होता. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसत होता, पण तसा सगळ्यांचाच दिसतो. तो घासून सपाट करायचा आणि मग पॉलिश. खरं काम तेच.

रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "भावोजी, जरा येऊन बघा हो. ती चारला गाडी न्यायला येतेय आणि हे दोन दिवस धड जेवलेले नाहीत."

गेलो. दादा बॉनेटवर ओणवा होऊन घासत होता. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, हातात दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर. "आलास? बस. शीक काहीतरी," म्हणाला.

बसलो. बॉनेटवरून दुधासारखं पाणी ओघळत होतं. पाणी पांढरं आहे तोवर नुसतं क्लिअर निघत असतं, काळजी नाही. पण बॉनेटच्या मधल्या उंच धारेवर क्लिअर पातळ बसतं, म्हणून आम्ही तिथे आधी चिकटपट्टी लावतो. त्याने लावली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत धारेवरचं पाणी गुलाबी झालं. म्हणजे क्लिअर संपलं, आता रंग निघतोय. तिथल्या तिथे हात उचलायचा असतो.

दादाही थबकला. पाण्यात बोट बुडवून त्याने मला दाखवलं. "बघ, किती मळ निघतोय! तुम्ही लोक हा तसाच ठेवता."

"दादा, थांब," एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "निघू दे मग सगळा." तो दुप्पट जोराने घासू लागला आणि मला मजा वाटली. लाज वाटायला हवी होती. मजा वाटली.

धारेवरचा उरलासुरला रंग पॉलिशच्या मशीनने उडवला. दुपारी दरवाजे असे झळकत होते, की समोरच्या खिडकीचे गज त्यांत मोजता यावेत. आणि बॉनेटच्या मधोमध रंगाखालचा राखाडी प्रायमर वीतभर उघडा पडला होता. डाग असेल म्हणून दादा तो फडक्याने पुसत राहिला.

पुतणी चारला आली. गाडीभोवती एक फेरी मारून बॉनेटपाशी थांबली. "ही घेऊन मी ऑफिसात जाऊ?" मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही होतात ना इथे? काहीच बोलला नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला. "तो सांगत होता थांब म्हणून. मीच ऐकलं नाही." लेकीपुढे अडाणी ठरण्यापेक्षा हट्टी ठरलेलं त्याला बरं वाटलं असावं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"हो ना," मी म्हणालो. "चांगलं दोनदा सांगितलं."

"तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय का, बाबा?" एवढं बोलून ती गाडी न घेताच निघाली. दादा ओलं फडकं हातात धरून फाटकापर्यंत तिच्या मागे गेला. तिने वळून पाहिलं नाही.