कुमुदताईंच्या बरण्या

काल इतवारा भागातल्या दुकानात काळ्या अंगाचा, लाल शेपटीचा गप्पी मासा दिसला आणि गप्पी पाळणाऱ्या कुमुदताईंची शनवारा भागातली ओसरी आठवली. ओळीने मांडलेल्या लोणच्याच्या बरण्या, शेवाळाचा ओला वास, प्रत्येक बरणीत एकेकटी लालसर मादी.

तेव्हा परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाला होता, मुंबईहून रंगीत मासे येऊ लागले होते. काळा-लाल मासा गावात पहिल्यांदा मलाच तयार करायचा होता. माझ्याकडे दोन काळे नर होते. तासभर घासाघीस करून एकाच्या बदल्यात मी ताईंची लाल मादी आणली. पिल्लं वाढली, पण काळं एकही निघालं नाही. मी तणतणत त्यांच्याकडे गेलो.

"भैया, मादीला एकदा नर लागला की महिनोन्‌महिने त्याचीच पिल्लं होतात. तुमची मादी माझ्या लाल नराजवळ होती. म्हणून तर मी कोवळ्या माद्या आधीच वेगळ्या काढते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही भावच करत होतात. विचारलंत कुठे?"

शेवटच्या बरणीत मी दिलेल्या नराची पिल्लं फिरत होती, काळी, शेपटीला लाल झाक आलेली. मी उकिडवा बसून पाहतच राहिलो.

राग अजून गेलेला नाही. पण काल त्या माशासाठी मी भाव केला नाही.