नव्वद अंशांवरचा ओलावा

बेल्याच्या बाजारात कापूस खरेदी करताना मी वरचा कापूस कधीच पाहत नाही. गाडीत कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातली मूठ ओढून काढतो. ओलावा लपलेला असतो तो तिथेच. शेतकरी चिडतात, चिडू देत. तुमचा हा हात घरातही चालतो, असं बायको म्हणते.

मुलगी दहावीत होती. पुढे गणित घेऊन आदिलाबादला, हॉस्टेलवर राहून इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, करायचं तिच्या मनात होतं. मला ते नको होतं. तिच्याशिवाय घर खायला उठेल, हे बोलायची लाज वाटायची. म्हणून मी तिच्या गणितातच खोट शोधू लागलो.

एका संध्याकाळी तिने त्रिकोणमिती काढली होती. सेक वर्गातून एक वजा, गुणिले कॉट वर्ग. कंसाचा तिने टॅन वर्ग केला, काटाकाटी केली, उत्तर आलं एक. त्याआधीच्या गणिताचंही एक.

"काऊन वं, एवढं लिहून दरवेळी एकच निघते? गाईडातून उतरवून राह्यली का?"

तिने मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर काढला. "तुमीच हात घालून पाहा, बाबा. कोन्ताही कोन सांगा."

मी मुद्दाम वेडेवाकडे आकडे दिले. सदतीस, अकरा, त्र्याहत्तर. दरवेळी एक. माझं डोकं तापलं.

"नव्वद घाल."

पडद्यावर एरर आलं.

"सापडलं!" मी इतक्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आता आदिलाबाद विसर, हे अगदी ओठांवर आलं होतं.

पण मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती ते गणित खालून वर वाचत होती.

"इथं कॉस शून्य होते, बाबा. शून्यानं भागता येत नाई. आन् उत्तरात त्याचा पत्ताच नाई. सोपं करता करता आमी हे झाकून टाकलं." मग स्वतःशीच पुटपुटली, "अजून कुठं कुठं झाकलं असन?"

जेवायला हाक मारली तरी ती उठली नाही. मागची गणितं एकेक करून तपासत बसली, कपाळावर माझ्यासारखीच आठी घालून. तिला अडवायला शोधलेली खोटच तिला घेऊन चालली होती.

दहावीनंतर तिला आदिलाबादच्या हॉस्टेलला सोडायला गेलो तेव्हा मी खोलीची कडी ओढून पाहिली, पंखा लावून पाहिला, गादी उलटी केली. कुठेच खोट सापडली नाही, आणि मला रडू फुटलं.