गच्चीवरचं तळं

कामोठ्यात आमच्या समोरच्या गच्चीवर एक काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, आभाळाकडे तोंड करून उभे राहायचे. हात अंगाला चिकटवून, पासपोर्टच्या फोटोला राहतात तसे. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही.

एकदा कपडे वाळत घालताना मी ओरडून विचारलंच. म्हणाले, "लेक कॅनडात असती. मोबाईलवर उपग्रहाच्या फोटोत आपली गच्ची बघती. मी दिसलो तर बरं वाटंल तिला."

महाप्याच्या ऑफिसात मी अशाच फोटोंवरून नकाशे बनवते, त्यामुळे मला शहाणपणा सुचला. "काका, आमच्या फोटोत एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब-रुंद चौकोन. त्यात माणूस दिसतच नाही!"

काका विचारात पडले. "मंजी मी बारीक पडतो."

दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडची निळी ताडपत्री गच्चीभर पसरली होती, आणि मधोमध काका, तसेच ताठ.

काही दिवसांनी ऑफिसात कामोठ्याचा नवा फोटो आला. रंगावरून जमीन ओळखणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरने ती गच्ची बेधडक तळं ठरवली होती. मी नकाशावरचं तळं पुसलं, पण त्याआधी तो निळा ठिपका मोबाईलमध्ये घेतला आणि संध्याकाळी काकांना नेऊन दाखवला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ठिपका बराच वेळ निरखला.

"पाठवायचा का लेकीला?" मी विचारलं.

"नको," काका म्हणाले, "भांग वाकडा आलाय."