तासगाव–विटा रस्त्यावरचा कळप

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. दुपारी चार वाजून दहा मिनिटे. तासगाव मागे टाकून आम्ही विट्याच्या रस्त्याला लागलो होतो.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असे म्हणवत नाही. लष्करात मी अवजड वाहने चालवली, पुढे नवशिक्या जवानांना चालवायला शिकवले. ताफ्यातल्या थकलेल्या चालकांना रस्त्यावर काय काय दिसते ते पुष्कळ ऐकले, आणि प्रत्येकाला झोपायला पाठवले. इथे मात्र चालवणारी थकलेली नव्हती... आणि लख्ख ऊन होते.

गाडी माझी नात अंकिता चालवत होती. वय एकवीस. शिरवळच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली होती आणि साताऱ्याहून रोज गाडीने जायचा तिचा विचार होता. तिच्या आईला तो मान्य नव्हता. अंकिताचे वडील, म्हणजे माझा मुलगा, महामार्गावर गेला. हातात फोन, समोर उभा ट्रक. अधिक लिहिण्यासारखे नाही. सुनेने निर्णय माझ्यावर सोपवला होता. त्यामुळे माधवनगरला माझ्या मुलीकडे जाऊन साताऱ्याला परतण्याचा हा प्रवास म्हणजे परीक्षा होती. निघताना अंकिता म्हणालीच, "आरटीओनं पास केलं, आता मिलिटरी."

पद्धत लष्करातलीच ठेवली. फोन बंद करून मागच्या सीटवर. जे दिसेल ते चालवणाऱ्याने मोठ्याने बोलायचे. त्याने नजर भटकत नाही. सकाळपासून तिचे चालू होते — समोर एसटी, डावीकडून ट्रॅक्टर, कडेला शाळेची पोरं.

द्राक्षबागा विरळ होऊन माळ लागला. रस्ता सरळ होता, मोकळा होता. ती म्हणाली, "समोर मेंढरं. उजवीकडून डावीकडं." आरशात पाहून तिने वेग उतरवला, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि गाडी थांबवली.

समोर काहीही नव्हते.

मी चष्मा पुसून पाहिले. थट्टा करीत असेल म्हणून तिच्याकडे पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. डोळे उजवीकडून डावीकडे संथपणे सरकत होते, पुन्हा उजवीकडे येत होते. समोरून कळप जाताना माणसाचे सरकतात तसे.

मी म्हणालो, "रस्ता मोकळा आहे. चल."

"थांबा आबा. घोडं अजून यायचंय."

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही धनगर. माझे लहानपण आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागे गेले. वाटेने आधी मेंढरे जातात, मागून घोडे येते. त्याच्या पाठीवर सारे बिऱ्हाड असते. घोडे गेल्याखेरीज कळप गेला असे आमच्यात कोणी धरत नाही. अंकिता साताऱ्यात, कॉलनीत वाढली. तिला हे मी कधी सांगितलेले नाही. शिवाय फेब्रुवारीत आमच्या भागातली मेंढरे चरणीसाठी दूर पश्चिमेला गेलेली असतात.

घोड्यावर काय आहे, असे मी विचारले. परीक्षकाच्याच आवाजात विचारले.

"कोंबड्या बांधल्यात. जाळीत दोन कोकरं. बाई सारखी मागं बघत चाललीय... कुणीतरी राहिलंय वाटतं."

एवढ्यात मागे द्राक्षांच्या क्रेटचा ट्रॅक्टर येऊन थांबला. चालक उतरून माझ्या खिडकीशी आला.

"आवं आजोबा, गाडी बंद पडली का? का डायवर नवी हाय?"

समोर काही दिसते का, असे मी त्याला विचारले. त्याने रस्ता पाहिला, मग मला पाहिले.

"डांबर दिसतंय की."

अंकिताने मान वळवली नाही. "दादा, एक मिनिट थांबा," एवढेच म्हणाली. तो हसला; पण थांबला.

काही वेळाने ती म्हणाली, "गेली." आरसा पाहिला, गिअर टाकला. त्या जागेवरून गाडी पुढे सरकली तेव्हा उघड्या खिडकीतून ओल्या लोकरीचा वास आला. भिजलेल्या मेंढराचा. त्याची मी दुसऱ्या कशाशी गल्लत करणार नाही. कडेच्या मातीत खुरांचा ठसा नव्हता, लेंडी नव्हती. पाऊस होऊन तर महिने लोटले होते.

पुढे वाटेत अपघात झालेला नव्हता, झाड पडलेले नव्हते. आम्ही कशातून वाचलो, असे म्हणायलाही जागा नाही. नंतर तिचे डोळे तपासून घेतले, निर्दोष आहेत. एका मित्राचे मत, तिने मोबाईलवर कुठेतरी पाहिले असेल. असेल. मग मला आलेल्या वासाचे काय?

साताऱ्यापर्यंत मी विचार करीत होतो. समोर नसलेले पाहणाऱ्या चालकाच्या हाती नोकरीत असताना मी गाडी दिली नसती. पण शेजारी वडीलधारा माणूस 'चल' म्हणत असताना, खिडकीशी परका माणूस हसत असताना, या मुलीने नजर रस्त्यावरून काढली नाही. आणि स्वतःची खात्री होईपर्यंत चाक हलू दिले नाही. माझ्या मुलाला ते एकदा जमले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा सून दारातच उभी होती. कशी चालवते, असे तिने विचारले.

"जाऊ दे तिला," मी म्हणालो. कळपाचे सांगितले नाही.

चहा झाल्यावर खाली उतरलो. मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटली, ती कोपऱ्यावरून भरून आणली. समोरची काच पुसली. आणि सकाळी निघताना तिला गाडी मागे घ्यावी लागू नये म्हणून तोंड रस्त्याकडे करून लावली.