पाटीवाल्या बायकांची युनियन

पनवेलच्या रेल्वे मालधक्क्यावर कोळशाच्या वाघिणी खाली करायचं काम आम्ही जोडीने करायचो. नवरा फावड्याने पाटी भरायचा, बायको ती डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. कोळसा दोघांच्याही नाकातोंडात सारखाच जायचा, पण हजेरी लागायची नवऱ्याची. युनियनमध्येही नाव त्याचंच. मी एकदा विचारलं, तर पुढारी हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच्यातच आल्या." तेव्हा माझं तोंड आजच्याइतकं सुटलेलं नव्हतं. पाटी उचलून चालू लागले.

कळंबोलीत लोखंडबाजार उभा राहत होता, त्या दिवसांतली गोष्ट. ठेकेदाराने सगळ्यांना कायम करावं म्हणून युनियनने संप केला. पहिल्याच दिवशी पुढाऱ्यांनी सगळ्या गड्यांना खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. फावडं ठेवायचं ते त्यांच्या शब्दावर, उचलायचं तेही त्यांच्याच शब्दावर. आम्ही बायका बाजूलाच उभ्या होतो. आम्हाला कोणी हाक मारली नाही.

संप लांबला. आम्ही खाडीत उतरून खेकडे, निवट्या धरून चुली पेटत्या ठेवल्या. आणि एका संध्याकाळी पुढारी तडजोड घेऊन आले. गडी कायम, सोमवारी कामावर. बायकांना मात्र काम नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी मोठी जाऊ विधवा, एका चुलत दिराबरोबर जोडीने पाटी वाहणारी. कायम झाला तर तो दीर, त्याचं घर वेगळं; तिच्या घरात कायम होणारा गडी कुठून यायचा? घरी आल्या आल्या मी नवऱ्याला विचारलं, सोमवारी जाणार का. तो खाली बघून म्हणाला, "भंडारा उचललाय मी. आता काय करू?"

त्याला काय बोलणार? देवाशी खोटं व्हायला मीही सांगितलं नसतं. पण बोरिंगवर बायका जमल्या तेव्हा जाऊ म्हणाली, "भंडारा गड्यांनी उचललाय. आपल्याला कुटं कोनी इचारलं? आपन कोनाला बांधलेल्या नाय." हंडे तिथेच राहिले आणि आमची वेगळी युनियन झाली. कोणीतरी म्हणालं, आपणही भंडारा उचलू. जाऊ म्हणाली, "नको. जिला येवाचं ती येल."

सोमवारी आम्ही धक्क्याच्या फाटकाशी बसलो. सगळ्या आल्या होत्या. गडी खाली माना घालून आमच्यामधून आत गेले, माझा नवराही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं तोंड बघावंसं वाटेना.

आत फावडी वाजू लागली. पाट्या भरल्या, ओळीने लागल्या, आणि फावडी थांबली. मुकादम ओरडला, "उचला की!" माझा नवरा म्हणाला, "आमी फावड्याचे गडी. पाटीचं आमच्याशी कोनी बोलला नाय." बाकीचे गडी भरलेल्या पाट्यांशेजारी खाली बसले. पुढारी धावत आले, शपथेची आठवण करून देऊ लागले. पण शपथेत पाटी नव्हती आणि तडजोडीतही नव्हती. पाटी कोण वाहतं हे त्यांच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं! मी पदर तोंडात कोंबून हसले आणि रडलेही.

वाघिणी अडकून पडल्या. रेल्वेचा दंड चढू लागला तसा ठेकेदाराचा आवाज उतरला. दोन दिवस ताणून शेवटी तो फाटकाशी आला आणि पुढाऱ्यांना वगळून जावेशी बोलला. बायकाही कायम, हजेरी ज्याची त्याची. मग आम्ही उठलो.

त्या रात्री जेवताना नवरा भात चिवडत होता. मग म्हणाला, "तुमच्या युनियनमंदी गड्यांना घेता का?"

"आणि भंडारा?"

"भंडारा उचलला तवा तू माज्या बाजूलाच उभी होतीस. तुला कोनी इचारलं नाय. मी पन नाय."

एवढी वर्षं हे ऐकायला थांबले होते, हे मलाही तेव्हाच कळलं. पण लगेच हो म्हणायला मी एकटी कोण?

"उद्या बायकांना विचारते," मी म्हटलं, "मग सांगते."