मला चालता येतं

विमानतळावर मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. पाय धडधाकट होते. रोज सकाळी पाम बीच रोडने चालणारे पाय. पण तुमच्या बाबाने तिकिटाबरोबरच खुर्ची सांगून ठेवली होती. फोनवर मला पढवत होता, "आई, तू उठू नकोस. तिकडे इंग्रजीत विचारतात, तुला सुधरणार नाही. खुर्चीवाल्यांना फार विचारत नाहीत."

इंग्रजी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्याच्या पहिलीच्या स्पेलिंगपासून परदेशी कॉलेजच्या अर्जापर्यंत सगळं मीच तपासलेलं.

तिकडे उतरले. पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरवरच्या बाईने खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला विचारलं, "यांना इंग्रजी येतं का?" मला नाही. त्याला. मग माझ्याकडे वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, "इथे काम करणार आहात?"

"नाही. फक्त नातवंडांना भेटायला आले." पढवलेलं उत्तर. दिलं.

मग सहा महिने तुमचे डबे, तुमची शाळेची बस, तुमचा ताप. सहा महिने झाले की मी परत आणि माझ्या जागी तुमची दुसरी आजी. तीही खुर्चीतूनच. आमच्या नेरूळच्या सोसायटीत अशा बऱ्याच आज्या आहेत. विहिणींच्या शिफ्ट म्हणतो आम्ही, आणि हसतो. मी हसणं बंद केलं.

तुम्हाला सांभाळणं जड गेलं नाही. हे नीट वाचा. जड गेलं ते त्याला कुणीच काम न म्हणणं. काउंटरवर मीसुद्धा नाही.

परत आल्यावर नोकरी धरली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात. परदेशी गिऱ्हाइकांशी सगळा इंग्रजी पत्रव्यवहार. अशीच नोकरी मला तरुणपणी बंदरावरच्या एका कंपनीत मिळत होती. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, सकाळच्या शाळेत शिकवणं बरं. पगार निम्मा, पण दुपारी मूल घरी येतं. सोयीची नोकरी. कुणाच्या सोयीची, हे कुणी विचारलं नाही. आता शेठ म्हणतात, "मॅडम, तुमी नसलात तर या परदेशी लोकांशी भांडणार कोण?" मला भांडायला आवडतं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल. तुमच्या आईला मोठं पद मिळतंय, पण रोज ऑफिसला जावं लागेल. बाबाला त्याच्याच कंपनीत घरून काम मागता येतं, पगार कमी. दोघं माझ्यासमोर बोलत होते. माझ्याशी नाही.

"मी का कमी पगार घेऊ?" बाबा म्हणाला.

"मग मी सोडू का?"

"कुणीच नको सोडायला. आई आहे ना. सगळ्यात फ्लेक्झिबल तीच!" दोघं हसले. मग बाबा माझ्याकडे वळला. "आई, तिकीट काढलंय. खुर्चीपण सांगितलीय."

"मला नोकरी आहे."

"कसली नोकरी? ट्रकवाल्यांच्यात टाइमपास तुझा. तेवढे पैसे मी देतो ना तुला."

टाइमपास. आयुष्यभर माझा वेळ घरातले सगळे वापरत आले, फुकट. आता त्याला भाव मिळाला तर तो टाइमपास.

"तिकीट रद्द कर," मी म्हटलं. "खुर्चीपण. मला चालता येतं."

"अगं, पण मुलांचं काय?"

"मुलं तुमची. पगारही तुमचे. बसा आणि ठरवा."

"आई, तू स्वार्थी झालीयेस."

"हो. उशिराच झाले."

तुमची आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या बॉसला कधी विचारतोयस?"

बाबाने कॅमेरा बंद केला.

तुम्हाला सांगतील, आजी आली नाही. खरं आहे. तुमची आठवण येते, छातीत दुखावं अशी येते. तरी नाही.

येईन तेव्हा माझ्या रजेत येईन, माझ्या पगारातून काढलेल्या तिकिटावर. पाहुणी म्हणून. चहा तुमच्या बाबाने करायचा. त्या काउंटरच्या रांगेत मी उभी राहीन आणि माझ्या पायांनी पुढे जाईन. ती बाई विचारेल, काम करणार का?

"करते," म्हणेन. "कळंबोलीत. रजा संपली की हजर व्हायचंय."