गाण्याचं भरीत

गाणं ऐकणारी माणसं जगात ढिगाने सापडतील, गाणारीही पुष्कळ. पण गाण्याचं भरीत करणारा माणूस आमच्या फुवांखेरीज दुसरा झाला नाही आणि होणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. फुवा म्हणजे आत्याचा नवरा, आणि आत्या ती फुई. खानदेशात जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगितलं. दोघं मूळची अमळनेरकडची, संसार जळगावात. फुवा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि काचेच्या नळ्या धुता धुता सगळ्याच शास्त्रांवर आपला थोडाथोडा हक्क आहे असं त्यांचं मत झालं होतं. उजवा कान लहानपणीच फुटलेला, म्हणून ते हट्टाने आवाजाच्या शास्त्राकडे वळले. दोन्ही कान शाबूत असते तर बहुधा दुसऱ्या कुठल्या शास्त्राच्या मागे लागले असते.

धुळ्याचा एक ऑर्केस्ट्रा आपसांतल्या भांडणाने मोडला, तेव्हा त्यांचं चार पट्ट्यांचं रेकॉर्डिंगचं यंत्र फुवांनी उचललं. साध्या कॅसेटला दोन बाजू असतात. हे यंत्र दोन्ही बाजूंची जागा एकाच फेरीत वापरून चार आवाज वेगवेगळे साठवी. पहिल्या पट्टीवर ढोलकी, दुसरीवर पेटी, तिसरीवर झांज आणि चौथीवर फुई. पहिली तिन्ही वाद्यं फुवाच वाजवत, एकामागून एक, आणि दर वेळी मागच्या वादकाला नावं ठेवत. "हाऊ ढोलकीवाला घाई करस," असं ते स्वतःविषयी मनापासून म्हणत. ही चार पट्ट्यांची कच्ची कॅसेट साध्या टेपमध्ये घातली, तर एका बाजूला नुसती ढोलकी-पेटी ऐकू येई, आणि पालटली की झांज आणि फुई शेवटाकडून सुरुवातीकडे उलट्या निघत. हे आम्हाला कळलं शेजारच्या अक्कांमुळे. फुवांनी चुकून त्यांना कच्ची कॅसेटच ऐकायला दिली. दुसऱ्या दिवशी अक्का लिंबू-मिरची घेऊन दारात उभ्या. फुईला म्हणाल्या, "बाई, तुले बाहेरनं काही व्हयनं का?"

तेव्हा चार पट्ट्यांचं गाणं दोन पट्ट्यांत कालवून साध्या कॅसेटवर उतरवणं आलं. जाणकार याला मिक्सिंग म्हणतात. फुवा भरीत म्हणत. "वांगं येगळं, मिरची येगळी, कांदानी पात येगळी, तवलोंग ते बजार शे. बडगीमा घालीसन ठेचं, की भरीत," हा त्यांचा सिद्धांत. लाकडी बडगीच्या जागी यंत्राच्या खुंट्या, एवढाच फरक. भरिताच्या दिवशी घरात कुकर लावायला बंदी असे; शिट्टी गाण्यात शिरेल म्हणून नव्हे, तर फुवांचं लक्ष जेवणाकडे जाईल म्हणून. कानाला हेडफोन लावून ते चार खुंट्या केसाकेसाने फिरवत. डावा कान डाव्या भोंग्यात, उजवा भोंगा मेलेल्या कानावर नुसता शोभेला. उजवीकडचं ऐकायचं झालं, की हेडफोन उलटा करून घालत.

भरीत जमलं की नाही याची परीक्षा घरी होत नसे. खिशात कॅसेट घालून फुवा गाव हिंडत. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, यावलच्या केळीच्या ट्रकमध्ये, जिथे टेप दिसेल तिथे "भाऊ, एक मिनिट" म्हणून चालू गाणं काढून आपलं घालत. शेवटची परीक्षा पिठाच्या गिरणीत. गिरणी चालू असताना फुईचा शब्द कळला तर पास. गिरणीवाल्याने एकदा कंटाळून सांगितलं, "नाना, शब्द कळले, आता पट्ट्यापासून बाजूला व्हा." फुवांनी ते प्रमाणपत्र समजून घरी येऊन फुईला ऐकवलं.

या सगळ्या खटाटोपाला खरं काम मिळालं त्यांच्या लेकीमुळे. लेक सुरतेला दिलेली. आखाजी हा आमच्याकडचा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, दारोदार "उनी, उनी", म्हणजे आली, आली, असा गजर होतो; मग त्या झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात. त्या वर्षी लेकीला सातवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. इकडे फुईचा पाय प्लास्टरमध्ये, आणि पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून ते तिला कळवलेलं नव्हतं. मग फुवांनी ठरवलं, पोर झोक्याकडे येत नाही तर झोका पोरीकडे जाईल. फुईने खाटेवर बसून आखाजीची गाणी म्हटली. "झोकावर कोठे पेटी रहास का?" एवढी एकच तक्रार केली. भरीत झालं, गिरणीत पास झालं, पोस्टाने सुरतेला गेलं.

आठवड्याने पत्र आलं. "ती. बाबांस, कॅसेट पोचली. ढोलकी छान आहे, पेटीही छान आहे. पण आई कुठे आहे? दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. आईला काही झालं असेल तर माझ्यापासून लपवू नका."

मी त्या दिवशी तिथेच होतो. फुवांनी पत्र दोनदा वाचलं आणि खाली बसले. आखाजीला तीन दिवस राहिले होते, सुरतेला त्यांच्या घरी फोन नव्हता, आणि सातव्या महिन्यातली पोर आईला काय झालं म्हणून रडत बसली असणार. मला त्यांची फार दया आली. मी त्या कॅसेटची घरी ठेवलेली प्रत लावली, हेडफोन दोन्ही कानांवर चढवला आणि भानगड कळली. सगळी वाद्यं उजवीकडे, आणि डावीकडे फुई एकटी. सुरतेच्या टेपचा डावा भोंगा बंद असणार. इथे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सलूनचा, टपरीचा, ट्रकचा, गिरणीचा, सगळे टेप एका भोंग्याचे. त्यात डावं-उजवं आपोआप एक होई.

"फुवा, फुईला सगळी एकाच बाजूला का ठेवलीत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खाटेकडे बघून म्हणाले, "माले जठून ऐकू येस, तठेच तिले बसाडं."

फुई पदराने डोळे पुसत होती, पण बोलायची संधी तिने सोडली नाही. "इतला मोठा भरीतवाला, आन् मीठ एकच बाजूले टाकं."

त्याच दुपारी आम्ही नवं भरीत केलं. मी फुवांचा उजवा कान झालो. फुईची खुंटी मधोमध आली, फुवांनी जड मनाने हो म्हटलं, आणि कॅसेट खिशात घालून स्वतः सुरत पॅसेंजरला बसले. आखाजीच्या आदल्या दिवशी पोचले. परत आल्यावर सांगत होते, की पोरीने आधी कॅसेट लावली, आईचा आवाज पूर्ण ऐकला, मग बापाला पाणी दिलं. डावा भोंगा वर्षभर बंद होता, जावयाला ठाऊक होतं, पण टेप सासऱ्यानेच लग्नात दिलेला, म्हणून सांगायचं धाडस नव्हतं.

आता फुवांचा डावा कानही गेला आहे. तक्रार नाही, म्हणतात, खूप ऐकून झालं. मी गेलो की टेप लावायला सांगतात आणि डाव्या भोंग्यावर तळहात टेकून बसतात. गेल्या आखाजीला मी सुरतेच्या, मधोमध फुई असलेल्या कॅसेटची घरातली प्रत लावली. तीच जास्त चांगली उतरली आहे, अशी माझी समजूत. भोंग्यात ढोलकीचा ठोका लागला तसा फुवांनी हात काढून घेतला.

"ही पोरनी शे," म्हणाले. "मनी लाव."

मी त्यांची जुनी लावली. ढोलकी उजवीकडे वाजू लागली, डावा भोंगा गप्प होता. फुवा हात टेकून वाट पाहत राहिले. फुई शेजारी शेंगा सोलत होती. मग तिचा तेव्हाचा आवाज सुरू झाला आणि फुवांची बोटं भोंग्यावर जराशी हलली.

"उनी," ते म्हणाले.